पहिली ते पाचवीच्या मुलांना फ्रेंच: पालक आणि नवे टीचर सारखे विचारतात ते प्रश्न

दरवर्षी जूनमध्ये शाळा उघडली की माझ्या फोनवर तेच तेच मेसेज यायला लागतात, कधी रात्री साडेदहाला, कधी रविवारी सकाळी पोहे तोंडात असताना, म्हणून म्हटलं एकदाच सगळं लिहून ठेवावं. मी पुण्यात एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत पहिली ते पाचवीला फ्रेंच शिकवते आणि शनिवारी घरी एक छोटी बॅच घेते. खाली फ्रेंच शब्द देवनागरीतच दिलेत, आज्यांना पण वाचता यावेत म्हणून, पण ते अंदाजापुरतेच घ्या. का, ते पुढे येईलच.

कितवीपासून सुरू करावं? पहिलीत नाही घातलं तर उशीर झाला का?

नाही हो. हा प्रश्न विचारताना पालकांच्या आवाजात जी घाबरगुंडी असते ती बघून मला प्रत्येक वेळी वाटतं की कोणीतरी यांना काहीतरी विकलंय. लहान मुलांचा फायदा एकच, कान आणि जीभ. सहा वर्षांचं पोर ऐकलं तसं बोलून मोकळं होतं, त्याला लाज नसते. पण वेगाचं म्हणाल तर तिसरी-चौथीतलं मूल खूप भराभर शिकतं कारण त्याला वाचता येतं, नियम कळतो, लक्षात ठेवायच्या युक्त्या माहिती असतात. माझ्याकडे चौथीत आलेली मुलं दिवाळीपर्यंत शब्दांच्या बाबतीत जुन्या मुलांना गाठतात, फक्त उच्चारात जरा मागे राहतात. तेव्हा पहिलीत मिळतंय तर घ्या, नाही मिळालं तर जीव जाळू नका.

घरात मराठी, शाळेत इंग्रजी, वर हिंदी आणि आता फ्रेंच. डोक्यात खिचडी होणार नाही का?

थोडी होते आणि होऊ दे. वाटी पुढे केल्यावर ‘मेर्सी काकू’, म्हणजे थँक्यू काकू, म्हणणारी मुलगी मी बघितलीये, यात बिघडलं काय? आपल्याकडे तर सोलापूरकडची मुलं घरात कन्नड किंवा तेलुगू, गल्लीत मराठी, टीव्हीवर हिंदी असं सहज करतात, त्यांना कोणी विचारत नाही गोंधळ होतो का म्हणून.

खरी खिचडी होते ती इंग्रजीमुळे, कारण अक्षरं तीच आणि उच्चार वेगळे. आणि इथेच मी माझं ठाम मत सांगून टाकते जे शाळेत सगळ्यांना पटत नाही: मराठी मुलांना फ्रेंच शिकवताना समजावायची वेळ आली तर मराठीतून समजवा, इंग्रजीतून नको. उदाहरण देते. ‘मी आठ वर्षांचा आहे’ हे फ्रेंचमध्ये ‘झे वीताँ’, म्हणजे शब्दशः ‘मला आठ वर्षं आहेत’. भूक लागली हे पण ‘मला भूक आहे’ अशाच चालीचं. इंग्रजीतून विचार करणारं मूल दर वेळी ‘मी आठ आहे’ असं चुकीचं वाक्य करतं, आणि मराठीत म्हटलं की बाबा रे, जसं तुला ताप आहे, तुला दोन भाऊ आहेत, तशीच तुला आठ वर्षं आहेत, तर त्याला ते लगेच पटतं, वर हसतंय ते वेगळंच.

फ्रेंच घेतलं म्हणजे मराठी सुटते का?

नाही. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची आहे. आणि २०२० च्याच राष्ट्रीय शिक्षण धोरणात तीन भाषांपैकी किमान दोन भारतीय हव्यात असं आहे, फ्रेंच-जर्मन वगैरे परदेशी भाषांचा उल्लेख माध्यमिक टप्प्यावर येतो. म्हणजे प्राथमिकला फ्रेंच हे बहुतेक ठिकाणी शाळेने जास्तीचं दिलेलं असतं, नाहीतर मग आंतरराष्ट्रीय बोर्डाची शाळा असते. २०२५ ला पहिलीपासून तिसऱ्या भाषेचा जो धुरळा उडाला, जीआर आले आणि जूनअखेर मागे घेतले गेले, तो हिंदीवरून होता. तेव्हाही मला ‘मॅडम फ्रेंच बंद होणार का’ असे ढीगभर मेसेज आले होते.

दोन महिने झाले, वही कोरी आहे. वर्गात नक्की करता काय?

हा पहिली-दुसरीच्या पालकांचा नंबर एकचा प्रश्न. वही कोरी आहे कारण ती कोरीच असायला पाहिजे. पहिलीतलं मूल त्याच वर्षी देवनागरीची मुळाक्षरं आणि इंग्रजी स्पेलिंग दोन्हीशी झटापट करत असतं, त्यात तिसरी भानगड लेखी नको. आम्ही ऐकतो, उड्या मारतो, रंगाला हात लावतो, ‘राजा सांगतो’ टाइप खेळ फ्रेंचमध्ये खेळतो, बाहुलीला नाव विचारतो. आणि प्राण्यांचे आवाज! फ्रेंच कोंबडा ‘कोकोरिको’ करतो, कुत्रा ‘वाफ वाफ’, बदक ‘क्वँ क्वँ’. एकदा दुसरीतल्या एकाने उभं राहून विचारलं की मग आमच्या सोसायटीतल्या कुत्र्याला फ्रान्सला नेलं तर त्याला कळणार नाही का बाकीचे काय भुंकतायत, आणि त्यावर वर्गात दहा मिनिटं चर्चा झाली, तास गेला, पण सगळ्या प्राण्यांची नावं पक्की झाली.

मग कितवीत काय येतं, सांगा ना एकदा नीट

नीट म्हणजे तक्ता करून मागतात लोक, तसा नाही देत, कारण तो फ्रीजवर लागतो आणि मग पोराची रोज तोंडी परीक्षा सुरू होते. एकच खेळ सांगते, त्यावरून कळेल. आमचा भाजी मंडईचा खेळ आहे, पाचही इयत्तांना तोच, प्लास्टिकच्या भाज्या आणि एक तागडी, तुळशीबागेतून आणलेली.

पहिलीत मी म्हणते ‘तोमात’ आणि मूल टोमॅटो उचलतं. बस. बोलायची सक्ती नाही, उचललं म्हणजे कळलं. दुसरीत मूल स्वतः नाव घेतं आणि रंग सांगतं, आणि बटाट्याला ‘पॉम द तेर’ म्हणजे जमिनीतलं सफरचंद म्हणतात हे कळल्यावर आठवडाभर डब्यातली बटाट्याची भाजी ही सफरचंदाची भाजी होते. तिसरीत मागायला शिकतात, ‘झ वुद्रे... सिल वू प्ले’, मला हवंय, कृपया, आणि पहिल्यांदा त्या भाजीचं नाव लिहिलेलं दिसतं. तिसरीच का, तर तोपर्यंत तो शब्द कानात दोन वर्षं मुरलेला असतो, मग स्पेलिंग कितीही विचित्र असलं तरी मूल त्याला भलता उच्चार चिकटवत नाही. चौथीत यादी स्वतः लिहितात, एक-अनेक, पुल्लिंगी-स्त्रीलिंगी, आणि वारांची, महिन्यांची नावं लिहिताना पहिलं अक्षर मोठं काढायचं नाही यावरून माझा रोज घसा बसतो कारण इंग्रजीची सवय. पाचवीत घासाघीस. ‘काँब्याँ?’ म्हणजे केवढ्याला, मग महाग आहे, दोन किलो द्या, नको काल घेतली. पाचवीतल्या मुली जी घासाघीस करतात ना, आईबरोबर मंडईत उभं राहून शिकलेली शुद्ध पुणेरी घासाघीस असते ती, फक्त फ्रेंचमध्ये.

तो ‘र’ काही जमत नाही. स्पीच थेरपी लागेल का?

काहीही काय. फ्रेंच र जिभेच्या टोकावरून येत नाही, घशातून येतो, गुळण्या करताना जिथे पाणी खळखळतं तिथून. मी खरंच पाण्याची बाटली घेऊन गुळण्या करून दाखवते, मग पाण्याशिवाय, मग हळू आवाजात. ‘तीन’ला जो शब्द आहे तो लिहिताना ‘त्र्वा’ लिहितात पण ऐकायला ‘त्ख्वा’च्या जवळ जातो. एका आजींनी मला निरोप पाठवला होता की नातू दोन दिवस खाकरतोय, ज्येष्ठमध दिलंय, उद्या फ्रेंचला सुट्टी द्या. तो बिचारा एक-दोन-तीन पाठ करत होता! नाहीच जमला तर साधा मराठी र चालतो, समोरच्याला कळतं, फ्रान्समध्येच काही खेड्यांत जुनी माणसं जीभ थरथरवून र म्हणत आलीयेत.

माझ्या दृष्टीने र पेक्षा महत्त्वाचा तो दुसरा स्वर, ‘त्यू’ (म्हणजे तू) मधला. ई म्हणा, म्हणतच राहा, आणि आता जीभ न हलवता ओठ गोल करा, गरम चहावर फुंकर मारतो तसे. तो निघतो तो आवाज. याच्याऐवजी साधा ऊ म्हटला तर घोळ होतो, ‘दस्यू’ म्हणजे वर आणि ‘दसू’ म्हणजे खाली. दप्तर टेबलाच्या वर ठेव म्हटलं की अर्धा वर्ग टेबलाखाली.

आणि नाकातले आवाज?

ते आपल्याला सोपे आहेत हो. घरात कोकणी बोलणाऱ्या मुलांना तर आयतेच येतात, त्यांच्या भाषेत ते आहेतच. बाकीच्यांना मी फोनवर ऐकून घेताना आपण जे ‘हँ... हँ’ करतो ते करायला लावते. ब्रेड म्हणजे ‘पँ’, पूल म्हणजे ‘पाँ’, शेवटी न किंवा म म्हणून तोंड मिटलं की चुकलं.

एक गंमत, जी इंग्रजी माध्यमामुळे होते. त, द, प, क हे फ्रेंचचे आवाज जवळजवळ आपलेच आहेत, त आणि द दातांना जीभ लावून, प आणि क बिनहवेचे. तरी मुलं ‘टाब्ल’ म्हणतात, कारण फळ्यावर टी हे अक्षर दिसलं की जीभ आपोआप ट वर जाते. फळा पुसला आणि नुसतं ऐकवलं की तेच मूल ‘ताब्ल’ म्हणतं. वही उशिरा उघडायची ती यासाठी.

वहीत शब्दाखाली मराठीत उच्चार लिहून देऊ का?

स्वतःसाठी लिहा, मुलाच्या वहीत नको. मी पण इथे लिहिलेत ना? पण मोठ्या माणसाला माहिती असतं की हा अंदाज आहे. मूल ते देवनागरीच वाचतं, खालची ओळ, वरचं स्पेलिंग बघतच नाही, मग पाचवीत शेवटची न बोलायची अक्षरं कुठून आठवणार? शिवाय त्या ओठ गोल करून म्हणायच्या ई साठी आपल्याकडे अक्षरच नाहीये. ‘यू’ लिहिलं की मूल य म्हणणारच.

न बोलायच्या अक्षरांवरून एक युक्ती, पाचवीच्या पोरांना फार आवडते. शब्दाच्या शेवटी एस, टी, डी, एक्स, पी आला की साधारणपणे गप्प बसायचं. सी, आर, एफ, एल हे चार पुष्कळदा बोलतात, ते इंग्रजी ‘केअरफुल’ या शब्दातले व्यंजन म्हणून लक्षात ठेवायचे. अपवाद आहेत, भरपूर आहेत, येतील तेव्हा बघू. आणि मागच्या शब्दाचं गप्प अक्षर पुढच्या स्वराला जाऊन चिकटतं, ‘ले’ आणि ‘आमी’ मिळून ‘लेझामी’, म्हणजे मित्रमंडळी. आपली संधीच की. वर्गात याला लेझीम म्हणतात.

टेबल स्त्रीलिंगी का? मुलगी रडायला आली लिंगं पाठ करून

पाठ करून घेऊ नका प्लीज. आपल्या भाषेत तीन लिंगं आहेत, ती खुर्ची, तो दिवा, ते टेबल, आणि ती मुलीने कधी पाठ केली? ऐकून आली. फ्रेंचमध्ये तर दोनच. इंग्रज मुलाला हे समजवायला आठवडा जातो, मराठी मुलाला एका वाक्यात कळतं, अडचण फक्त इतकीच की आपली आणि त्यांची लिंगं जुळत नाहीत. मी वर्गात निळ्या (पुल्लिंगी) आणि लाल (स्त्रीलिंगी) टिकल्या लावते, खुर्चीला लाल, पेनला निळी, दाराला लाल, आणि शब्द कधीही एकटा सांगत नाही, कायम ‘ला ताब्ल’, ‘ल स्तीलो’ असा जोडीनेच. जोडीने ऐकला की जोडीने लक्षात राहतो.

सूर्य तिकडेही पुल्लिंगी, ‘ल सोलेय’, चला बरं झालं. पण चंद्र ‘ला ल्यून’. बाई! पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तिसरीच्या वर्गात खरोखर शांतता पसरली. मग एक जण म्हणाला, टीचर, चांदोमामा बाई कसा असेल? मागून एक बारीक आवाज आला, ‘मामी असेल’. त्या दिवसापासून आमच्या भिंतीवरच्या चंद्राला लाल टिकली आहे आणि तिचं नाव चांदोमामी.

विशेषणं बदलतात ते पण आपल्यासारखंच, लहानगा-लहानगी. फक्त फ्रेंचमध्ये लहान मुलगा ‘पती’ आणि लहान मुलगी ‘पतीत’ होते, त्यामुळे पालकसभेत हा भाग मी टाळते.

सत्तरच्या पुढचे अंक असे का आहेत?

सत्तर म्हणजे साठ-दहा, ऐंशी म्हणजे चार-वीस, नव्वद म्हणजे चार-वीस-दहा, आणि ९९ म्हणजे चार-वीस-दहा-नऊ. पालक चिडतात, मुलं नाही. आपल्याकडे पण जुनी माणसं विसांनी मोजायची ना, पाच विसा म्हणजे शंभर? घरात कोणी पणजी-पणजोबा असतील तर विचारा, हा धडा त्यांच्याकडूनच घ्या. आणि आपण तरी कुठे सरळ आहोत, एकोणसत्तर म्हणजे सत्तरला एक कमी, वजाबाकी करून आकडा सांगणारे आपण. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमध्ये सत्तर-नव्वदला सुटसुटीत शब्द आहेत, सेप्ताँत आणि नोनाँत, मुलाने तसं म्हटलं तर मी चूक देत नाही, पण पुस्तकात फ्रान्सचेच असतात.

२१ ते ६९ उलट आपल्यापेक्षा सोपे, आधी दशक मग एकक, वीस-तीन, चाळीस-पाच. २०१९ ला बालभारतीच्या दुसरीच्या गणितात अशीच पद्धत आली होती आणि केवढा गदारोळ झाला होता, आठवतंय का? तेव्हा माझ्या बॅचमधली पोरं म्हणायची, टीचर, पुस्तक फ्रेंच झालं.

जाता जाता, फ्रेंचमध्ये नऊला ‘नफ’ म्हणतात आणि नव्या कोऱ्या वस्तूला पण ‘नफ’. संस्कृतात नव म्हणजे नऊ आणि नव म्हणजे नवा. दाताला ‘दाँ’. आणि अननस तिथेही ‘अनानास’, कारण आपण तो पोर्तुगीजांकडून घेतला आणि ते फळ सगळीकडे नाव घेऊनच फिरलं. साबण आणि त्यांचा ‘साव्हाँ’ हेही एकमेकांच्या नात्यातले.

टीचरला तू म्हणायचं की तुम्ही?

तुम्ही, म्हणजे ‘वू’. मित्राला ‘त्यू’. यावर मराठी घरात वेळ घालवावा लागत नाही. फरक एकच, फ्रान्समध्ये मुलं आई-बाबा, आजी-आजोबा सगळ्यांना तू म्हणतात, आपल्याकडे आजीला तू आणि आजोबांना तुम्ही असं असतं पुष्कळ घरांत.

घरी कोणालाच फ्रेंच येत नाही. अभ्यास कसा घ्यायचा?

घेऊच नका. मुलाला म्हणा मला शिकव. जेवताना ताटातल्या तीन वस्तूंची नावं विचारा, तुम्ही मुद्दाम चुकीचा उच्चार करा, ते तुम्हाला रागावेल, झाला अभ्यास. आठवड्यातून दोनदा पाच-पाच मिनिटं. युट्यूबवर लहान मुलांची फ्रेंच गाणी, कार्टून भरपूर आहेत, एकच गाणं पंचवीस वेळा लावलेलं बरं, पंचवीस वेगळी नकोत. अ‍ॅप चालतं, पण ते बोलायला शिकवत नाही, बोट मारायला शिकवतं. मूल हिरव्या चौकोनावर बोट मारून पॉइंट कमावतं आणि समोर उभं करून नाव विचारलं की गप्प.

मुलगा चौथीत नवीन आलाय, बाकीचे पहिलीपासून शिकतायत. पूर्ण पुस्तकं करून घेऊ?

नको. उन्हाळ्यात त्याला फक्त ऐकवा आणि वर्गात वापरायची पंधरा-वीस वाक्यं येऊ द्यात, मला कळलं नाही, परत सांगा, पाणी पिऊ का, हे कसं म्हणायचं. ही वाक्यं आली की मूल वर्गात बुडत नाही. बाकी मी त्याला तिसरीतून आलेल्या एखाद्या बडबड्या पोराशेजारी बसवते.

आठवड्यात दोन तास पुरतात का? पाचवीला फाडफाड बोलेल ना?

हिशोब करू. ३५ मिनिटांचे दोन तास, म्हणजे आठवड्याला ७० मिनिटं. सुट्ट्या, स्पोर्ट्स डे, गॅदरिंगच्या प्रॅक्टिसला कापले गेलेले तास (पहिला तास कापला जातो तो फ्रेंचचाच, हे माझं जुनं दुखणं) सोडून वर्षाला ३० आठवडे धरा. झाले घड्याळाचे ३५ तास. पाच वर्षांत १७५.

आता कॅनडात ओंटारियोमध्ये बघा, तिथे साध्या इंग्रजी शाळेत चौथी ते आठवी फ्रेंच सगळ्यांना सक्तीचं आणि आठवी संपेपर्यंत किमान ६०० तास होतात. आणि इमर्शनला, म्हणजे जिथे गणित-विज्ञान पण फ्रेंचमधून शिकवतात, ३८०० तास. तेव्हा १७५ तासांत काय होईल तर मूल स्वतःची ओळख करून देईल, घर-शाळा-खाणं-हवा यावर छोटी वाक्यं बोलेल, हळू बोललेलं समजेल, आणि भाषेची भीती नसेल. फाडफाड नाही बोलणार. बोलेल असं सांगणाऱ्या क्लासची जाहिरात मला पण फॉरवर्ड येते.

आम्ही कॅनडाला शिफ्ट होतोय, इमर्शनला घालू का?

माझ्या दोन विद्यार्थिनी गेल्या आहेत तिकडे म्हणून हा प्रश्न वाढलाय. इमर्शन हा प्रकारच इंग्रजी बोलणाऱ्या पालकांनी मागून घेतला, १९६५ ला क्यूबेक या कॅनडाच्या फ्रेंच बोलणाऱ्या प्रांतातल्या सेंट लँबर्ट इथे, म्हणजे घरी फ्रेंच नसलेल्या मुलांसाठीच तो बनलाय. त्यामुळे घरी मराठी आहे म्हणून घाबरायचं कारण नाही. किती लहान वयात प्रवेश मिळतो ते तिथल्या स्कूल बोर्डावर असतं. क्यूबेकला जाताय तर प्रश्नच मिटला, १९७७ च्या भाषा कायद्यामुळे बाहेरून आलेल्यांची मुलं साधारणपणे फ्रेंच शाळेतच जातात. तिथलं फ्रेंच ऐकायला वेगळं आहे, ‘देझने’ हा फ्रान्समध्ये दुपारचं जेवण आणि क्यूबेकमध्ये सकाळचा नाश्ता, मूल डबा कधी खायचा यात फसेल दोन दिवस, मग शिकेल. आणि घरी मराठी सोडू नका, एवढं माझं ऐकाच.

सर्टिफिकेट परीक्षा द्यायची का?

डेल्फ प्रीम नावाची परीक्षा आहे, फ्रान्सच्या शिक्षण मंत्रालयाची, साधारण ८ ते १२ वयाच्या मुलांसाठी. तीन लेव्हल आहेत, सोप्याकडून अवघडाकडे ए१.१, ए१ आणि ए२. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं, प्रत्येकी २५ मार्क, १०० पैकी ५० ला पास, पण कुठल्याही एका भागात ५ च्या खाली गेलं तर नापास. सर्टिफिकेट कायमचं, रिन्यू करावं लागत नाही. आपल्याकडे चौकशी अलियाँस फ्रांसेज या फ्रेंच शिकवणाऱ्या संस्थेत करायची, पुण्यात आहे, मुंबईत आहे.

माझं म्हणणं, मुलाला मजा वाटत असेल तर पाचवीत ए१.१ द्या. शेजारच्या ईशानने दिली म्हणून नको. एका शाळेत मला दुसरीच्या मुलांचा ४० मार्कांचा लेखी पेपर काढायला सांगितला होता, मी चित्रं काढून त्याला रंगवा असं दिलं, तर वरून विचारणा झाली की यात लेखी कुठे आहे. ती नोकरी फार टिकली नाही.

सण वगैरे शिकवता की नुसती भाषा?

सणांशिवाय लहान मुलांना भाषा शिकवता येत नाही. जानेवारीत ६ तारखेला त्यांचा एक राजांचा केक असतो, आत एक छोटी वस्तू लपवतात आणि ज्याच्या तुकड्यात निघेल तो राजा. घरातलं सगळ्यात लहान मूल टेबलाखाली बसून सांगतं हा तुकडा कोणाला, म्हणजे वशिलेबाजी नको. वर्गात खाण्याच्या वस्तूला परवानगी नाही म्हणून आम्ही पुठ्ठ्याचा केक करतो, एका तुकड्यामागे सोनेरी टिकली. टेबलाखाली बसायचा मान मिळावा म्हणून सगळे आपली जन्मतारीख पुढे ढकलतात. पुढच्या आठवड्यात संक्रांत, मग तिळगूळ घ्या गोड बोला फ्रेंचमध्ये कसं म्हणायचं यावर दरवर्षी नव्याने भांडण.

२ फेब्रुवारीला क्रेप, म्हणजे त्यांचं पातळ धिरडं. हातात नाणं धरून तव्यावरचा क्रेप उडवून उलटायचा, नीट पडला तर वर्षभर पैशाला कमी नाही. घरच्या बॅचला मी घावन घालते, तांदळाचं, मालवणच्या सासूबाईंच्या बिडाच्या तव्यावर. उडत नाही ते, मोडतं. मागच्या वर्षी एक पंख्याच्या दिशेने गेलं. पण क्रेप हा शब्द त्या मुलांना मरेपर्यंत येणार.

आणि पडलेला दात. फ्रान्समध्ये उशीखाली ठेवतात आणि रात्री छोटी उंदरीण येऊन तो घेऊन नाणं ठेवून जाते. आपण कौलावर फेकायचो. दुसरीत हा धडा अप्रतिम चालतो कारण निम्म्या वर्गाचे पुढचे दात त्याच वर्षी पडतात, आणि दात नसताना फ्रेंच स आणखी गोड येतो.

मला प्राथमिकला फ्रेंच शिकवायचंय. काय लागतं?

शाळा वेगवेगळं मागतात, पण स्वतःचं बी२ (वर सांगितलेल्या ए२ च्या दोन पायऱ्या वर) तरी असावं. पुण्यात असाल तर फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे, माझ्या ओळखीतले निम्मे टीचर तिथूनच निघालेत. अकरावी-बारावीला स्कोअरिंग म्हणून फ्रेंच घेतलं होतं एवढ्यावर लहान मुलांपुढे उभं राहू नका. मोठ्यांना चुकीचं शिकवलं तर ते विसरतात, लहान मुलं विसरत नाहीत.

बाकी व्यवहाराचं: फ्रेंचचा स्वतःचा वर्ग बहुतेक शाळांत नसतो, तुम्ही तासातासाला वर्ग बदलणार, सकाळी पहिली, मग पाचवी, मग परत दुसरी, आणि प्रत्येक वेळी आवाज, वेग, विनोद सगळं बदलायचं. मी चाकाची भाजीची पिशवी वापरते, त्यात बाहुली, टिकल्या, तागडी, पाण्याची बाटली. चौथ्या मजल्यावर दुसरी आणि तळमजल्यावर पाचवी असा टाइमटेबल आला तर पहिल्याच आठवड्यात जाऊन बोला, नंतर कोणी बदलत नाही. आणि वर्गात शिरल्यापासून फ्रेंचमध्येच बोला, हातवारे करा, मुलांना कळतं. मराठी ती अडलं की बाहेर काढायची, चांदोमामीसारखी.

वही कुठली आणू?

पहिली-दुसरीला आणू नका, सांगितलं ना. तिसरीपासून साधी एकरेघी, शंभर पानी. फ्रान्समधली मुलं ज्या बारीक जांभळ्या रेघांच्या वहीत लिहितात ती ऑनलाइन शोधून मागवणारे पालक आहेत, गरज नाही. कव्हर खाकी चालेल, निळं-लाल नको, ते रंग टिकल्यांना लागतात. आणि नाव मुलालाच घालू द्या, ‘झ मापेल’, म्हणजे ‘माझं नाव’, असं लिहून.